माणशी नव्हे, चुलीमागे

आकाराम कणसे लष्करातून हवालदार होऊन घरी आला, तेव्हा त्याच्याबरोबर एक काळी ट्रंक आली, एक ट्रान्झिस्टर आला आणि जे दिसेल ते तोलून पाहायची खोड आली. ट्रंक आणि ट्रान्झिस्टरचं वाडीला चार दिवस अप्रूप वाटलं. खोडीने मात्र सगळ्यांना वात आणला.

तो पुरवठा दलात होता. बावीस वर्षं त्याने अंबाल्यापासून तेजपूरपर्यंत जवानांचा आटा, डाळ, तूप आणि सरपण तोलून दिलं. बंदूक धरली ती वर्षातून एकदा, नेमबाजीच्या परीक्षेपुरती. पलटणीत सगळा कारभार माणशी चालायचा. माणशी इतका आटा, माणशी इतकी साखर, माणशी इतकं लाकूड. शंभर जवान असले की शंभराने गुणायचं, सही घ्यायची आणि मोकळं व्हायचं. या गुणाकाराने त्याला उभ्या नोकरीत कधी दगा दिला नव्हता, म्हणून माणूस, घर, गाव, देश असं सगळंच माणशी मोजता येतं अशी त्याची पक्की समजूत झालेली. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हाताकडे बघून तो म्हणायचा, "माणशी लय वाढतुयास गड्या, शेवटच्या पंगतीला बुंदी कमी पडंल." आणि ती खरोखरच कमी पडायची, हे त्यातलं जास्त वाईट. पुढच्या लग्नाला यजमानाने त्याला आचाऱ्याच्या आसपास फिरकू दिलं नाही.

वाडी रहिमतपूरपासून सायकलीने अर्ध्या तासावर. घरी तीन भाऊ. आकाराम थोरला. मधला जोतिबा ऊस आणि जोंधळा बघायचा. धाकटा दादासो साखर कारखान्यात कामाला होता. तिघांच्या बायका, पोरं, एक विधवा आत्या, अशी अठरा माणसं आणि त्या अठराजणांची एक चूल.

ही एक चूल म्हणजे आकारामचा जीव की प्राण. पलटणीत असताना त्याच्या पत्रात खुशालीनंतरचं दुसरं वाक्य ठरलेलं असायचं: चूल एकच आहे ना? त्याला कारणही तसंच घडलं होतं. त्याच्या हाताखालचा एक जवान दोन वर्षांनी रजेवर गेला आणि चौथ्या दिवशीच परत हजर झाला. तो सीमेवर असताना मागे भाऊ वेगळे निघाले होते. अंगणात तीन दारं झाली होती आणि ट्रंक कोणत्या दारात उतरवायची ते त्याला कळेना. तो तसाच एसटी स्टँडवर जाऊन बसला आणि मिळाली ती गाडी पकडून पलटणीत आला. आकारामने त्या दिवशी त्याला माणशी ठरल्यापेक्षा दुप्पट साखर दिली. आयुष्यात केलेली तेवढीच एक गफलत. पण तेव्हापासून त्याच्या मनाने घेतलं की चूल फुटली की घर फुटलं, आणि आपल्या घरावर ही वेळ येऊ द्यायची नाही.

शहात्तर सालच्या दिवाळीनंतर त्याला काम मिळालं. सांगलीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या महेजबीन मुजावर नावाच्या बाई सरकारसाठी खेड्यांतल्या जळणाची पाहणी करत होत्या. बाई तिशीच्या आतल्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या, आणि बोलताना समोरच्याला विद्यार्थी समजणाऱ्या. त्यांना वाडीत एक असा माणूस हवा होता जो न चुकता तोलेल आणि न लपवता लिहील. सरपंचांनी क्षणाचाही विचार न करता आकारामचं नाव सांगितलं. एवीतेवी तो तोलणारच, मग सरकारच्या कागदावर तोलू दे, असा त्यांचा हिशोब असावा.

बाईंनी त्याला समजावून सांगितलं. अरबांनी तेल महाग केल्यापासून देशात सगळे जळणाचं मोजमाप करायला लागले आहेत. कारखान्याचा कोळसा मोजता येतो, गाडीचं डिझेल मोजता येतं, दुकानातलं रॉकेल मोजता येतं. पण खेड्यातली चूल रोज किती खाते हे कुणी तोलून बघितलेलं नाही. कागदावर माणशी एक आकडा धरतात आणि लोकसंख्येने गुणतात.

"बरूबरच हाय की," आकाराम म्हणाला. "पलटणीत आमी तसंच करायचो."

"पलटणीत एक भटारखाना शंभर माणसांना जेवू घालतो, हवालदारसाहेब. तुमच्या वाडीत दहा वर्षांत माणसं चौथाईने वाढली, पण चुली अडतीसच्या सत्तावन्न झाल्या. मग गुणायचं कशाने? माणसांनी की चुलींनी? ते तुम्ही मला शोधून द्यायचं."

गुणाकारावर असा संशय घेतलेला आकारामला आवडला नव्हता. पण बाईंनी हातात नवा कोरा ताणकाटा ठेवला, वर कडी, खाली हूक, मधे पितळी पट्टीवर किलोचे आकडे, आणि तो बघितल्यावर त्याचा राग पार पळाला.

दुसऱ्या दिवसापासून तो घरोघर फिरू लागला. पद्धत सोपी होती. सकाळी दहाला घरातलं सरपण, शेणी, जे काय असेल ते तोलायचं. दुपारी चारला पुन्हा जाऊन मधल्या वेळात रानातून काही नवीन आलं असेल तर ते तोलायचं. दुसऱ्या दिवशी दहाला उरलेलं तोललं की दिवसाचं जळण हाती येई. बायकांना आधी या प्रकाराचं हसू आलं. मग त्यांना त्याची दया आली. मिलिटरीतून आलेला भला माणूस, डोक्याला फेटा, अंगात इस्त्रीचा सदरा, आणि उन्हातान्हात लोकांची लाकडं तोलत हिंडतोय. ज्या घरी जाईल तिथे बाई म्हणायची, "आवं भावजी, टेका वाईच. च्या घ्या अन् मगच जावा."

आणि आकाराम चहाला नाही म्हणत नसे. नाही म्हटलं तर घरच्या बाईचा अपमान होतो, एवढं शहाणपण त्याला लष्करानेही विसरायला लावलं नव्हतं.

गुऱ्हाळाचा विषय सगळ्या घरांत निघायचा. पूर्वी वाडीत चार गुऱ्हाळं होती. उसाचा रस काढून झाला की उरलेलं चिपाड गुळाच्या कढईखाली जळायचं, आणि जास्तीचं बायका पाट्या भरभरून घरी न्यायच्या. कारखाना झाला, ऊस ट्रकात बसून गेला आणि त्याच्याबरोबर चिपाडही गेलं. ते आता कारखान्याच्या बॉयलरला लागतं. वाडीला साखर मिळाली आणि चुलीला मात्र बाभळ शोधत ओढ्याकाठी हिंडायची पाळी आली. आकारामने हे सगळं शेऱ्याच्या रकान्यात लिहून घेतलं, कारण बाईंनी सांगितलं होतं, दिसेल ते लिहा.

पहिल्या वीस घरांचे कागद बघून बाई खूश झाल्या. हरिबा पाटलाच्या घरात एकोणीस माणसं, एक चूल, दिवसाला चौदा किलो लाकूड. सहा-सहा माणसांच्या लहान घरांची सरासरी मात्र सात किलो. म्हणजे माणसं तिसऱ्या हिश्श्याहून कमी आणि लाकूड निम्मं. त्यांनी दोन्ही आकड्यांखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ मारली. आकारामने ती रेघ बघितली आणि त्याचा ऊर भरून आला. आपण आजवर जे नुसतं मनाने धरून होतो ते आता आकड्याने सिद्ध झालं, असं त्याला वाटलं. एक चूल सोडणं म्हणजे देशाचं नुकसान. घरी बोलायची वेळ आली तर हाच कागद काढायचा, असं त्याने ठरवून ठेवलं.

वेळ आलीच. एका रविवारी दुपारी दादासोने बाहेरच्या सोप्यात विषय काढला. तो कारखान्यात कायम झाला होता आणि पाळ्यांचं काम होतं.

"आण्णा, रागवू नगा," तो म्हणाला. "माझी पाळी एक आठवडा पहाटं चारला, एक आठवडा दुपारी बाराला, एक आठवडा सांजच्या आठला. राहीला कवाबी उठावं लागतंया. तिनं चूल पेटवली की आख्खं घर खोकत उठतंय. जोतिबादादाचंबी तसंच हाय. आमच्या मनात हाय की भाकरी ज्याची त्यानं करावी."

आकारामने जोतिबाकडे बघितलं. जोतिबा जमिनीकडे बघत होता.

"लाईट कवा येती, कवा जाती," जोतिबा पुटपुटला. "मोटर चालू हाय तवर मला पाण्यावरनं हालता येत न्हाई. माझी भाकरी कवा अकराला, कवा तीनला. मनूनं तरी किती येळा तवा ठेवायचा?"

म्हणजे दोघांचं आधीच ठरलं होतं. सोप्यातली माणसं आकारामला एकदम परकी दिसू लागली. पण तो लष्करी गडी. त्याने घसा साफ केला, आत जाऊन ट्रंकेतून कागद आणला आणि चष्मा लावून वाचायला सुरुवात केली.

"हरिबाचं घर. माणसं एकोणीस, चूल एक, लाकूड चौदा किलो. सहा माणसांचं घर, लाकूड सात किलो. आपली तीन घरं झाली तर सात त्रिक एकवीस. चौदाच्या जागी एकवीस, म्हंजी दीडपट! देशात जळणाची टंचाई, दुकानावर रॉकेलला ही मोठी रांग, आन् कणश्यांनी सरपण दीडपट जाळायचं व्हय रं? आन् आज चूल येगळी, उद्या बांध येगळा. मी जित्ता हाय तवर ह्ये व्हायचं न्हाई."

दीडपट हा शब्द त्याने असा उच्चारला की दादासोची मान खाली गेली. आकारामने कागदाची घडी घातली. त्याला वाटलं, लढाई जिंकली.

तेवढ्यात माजघराच्या दारातून चंद्राबाई बोलली. चंद्राबाई त्याची बायको. घरातली थोरली सून, कमी बोलणारी, आणि बोलली की वेळ साधून बोलणारी. धाकट्या दोघी जावा, दादासोची राहीबाई आणि जोतिबाची मनुबाई, थोरल्या दिरासमोर तोंड उघडत नसत, त्या तिच्या पाठीमागे उभ्या होत्या.

"मी येक इचारू का?"

"इचार की."

"त्या बारक्या घरांत तुमी किती वाजता जाता?"

"सकाळी धाला. दुपारी चारला."

"तवा त्यांची चूल पेटल्याली असती?"

"कुठली पेटल्याली? धाला बायका सैपाक आटपून रानात निघाल्या असत्यात. चूल पार थंडगार."

"मग तुमास्नी च्या कशावर करून देत्यात?"

आकारामने कागदाची घडी पुन्हा उलगडून बघितली.

"आन् हरिबा भावजींच्या घरात?" चंद्राबाईने अगदी साधेपणाने विचारलं.

"तिथं काय, एकोणीस माणसं. चूल दिवसभर चालूच असती. च्या काय, हातासरशी..." आणि इथे आकाराम थांबला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. थंड चूल पुन्हा पेटवायची म्हणजे काटक्या आल्या, लाकूड आलं, आधण येईपर्यंतचा जाळ आला. तेसुद्धा दिवसातून दोनदा. हरिबाच्या घरी त्याच्या चहाला एक जादा काटकी लागली नव्हती. लहान घरांनी त्याच्या चहापायी दोन वेळा चूल पेटवली होती आणि त्याने ते लाकूड इमानेइतबारे तोलून त्यांच्याच नावावर मांडलं होतं.

आतून बांगड्या वाजल्या आणि कुणीतरी पदरात हसलं. दादासोला हसू आवरेना, तो खोकल्याचं सोंग करत अंगणात गेला. आकाराम मात्र हसला नाही. तो उठला, डोक्याला फेटा गुंडाळला आणि मळ्याच्या वाटेला लागला. बावीस वर्षांत त्याच्या काट्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि आज ठेवलं ते घरच्या बायकोने, चारचौघांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तो काटा हातात घेऊनच. घरामागच्या परड्यात वापरात नसलेली एक जुनी चूल होती, तिच्यापुढे त्याने तोललेलं सरपण ठेवलं आणि बायकोला हाक मारली.

"एक कप च्या कर ह्येच्यावर."

"कुनाला?"

"मला. पाव्हणा समजून कर."

चंद्राबाईने चूल पेटवली, चहा केला, कप त्याच्या हातात दिला. त्याने चहा बाजूला ठेवून उरलेलं लाकूड तोललं. साडेसहाशे ग्रॅम गेलं होतं. दोन वेळचं मिळून तेराशे. त्याने मनातल्या मनात वजाबाकी केली. सातातून तेराशे गेले, राहिले पाच किलो सातशे.

"आन् आपल्या घराचं?" चंद्राबाईने विचारलं. "समद्या वाडीचं तोललं. आपलं न्हाई तोललंत."

हेही खरंच होतं. घरच्या चुलीचा आकडा त्याने हरिबाच्या चुलीवरून धरला होता. मग तो तीन दिवस आपल्याच स्वयंपाकघरात ठाण मांडून बसला. त्या तीन दिवसांत त्याला बरंच काही दिसलं. पहाटे दादासोच्या डब्यासाठी चूल पेटली. ती निवते न निवते तोच पोरांच्या शाळेची भाकरी आली. मग घरच्या मोठ्यांचं जेवण, मग जोतिबाची दुपारची भाकरी, मग संध्याकाळ. दिवसातून पाच वेळा. चूल कधी धड विझत नव्हती आणि तिच्यापुढून चंद्राबाई कधी धड उठत नव्हती. पहिल्या दिवशी दुपारी आकारामच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तेव्हा बैल बघून येतो म्हणून तो बाहेर सटकला. दुसऱ्या दिवशी तो दोनदा बाहेर सटकला. चंद्राबाई तिथेच होती.

तीन दिवसांची सरासरी आली साडेपंधरा किलो. हरिबाच्या चुलीपेक्षा दीड किलो जास्त, कारण हरिबाच्या घरात कारखान्याच्या पाळीवर कुणी जात नव्हतं आणि विजेच्या मोटारीचीही वाट कुणी बघत नव्हतं. नाव एका चुलीचं असलं तरी कणश्यांची चूल आधीपासूनच तीन घरांचं काम करत होती.

आता घराच्या आधी बाईंचा प्रश्न होता. चुकीचे आकडे सांगलीला गेले होते आणि त्यांच्याखाली तांबडी रेघही पडली होती. ही चूक कबूल करायची म्हणजे काम जाणार, नाव जाणार, हे आकारामने गृहीत धरलं. तरी दुसऱ्या दिवशी त्याने इस्त्रीचा सदरा घातला आणि रहिमतपूर स्टेशनवर मिरजेकडची गाडी पकडली. गाडीभर तो ताठ बसून होता, कोर्ट मार्शलला निघाल्यासारखा.

बाईंचं घर सांगलीच्या खणभागात होतं. दारात त्यांची आई, मदिनाबी, भेटली. पाहुणा बघून तिने लगेच स्टोव्हला पंप मारायला घेतला.

"च्या नको," आकाराम घाबरून म्हणाला. "आकडा बिघडतो."

मदिनाबीने लेकीकडे बघितलं. लेकीने आकारामकडे बघितलं. मग आकारामने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. चहा, थंड चूल, तेराशे ग्रॅम, बायकोचा प्रश्न, घरची पाच वेळची चूल. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाला, "माझा काटा खरा हाय, बाई. मीच खोटा पडलो. दुसरा माणूस बघा."

महेजबीनबाईंनी चष्मा काढला आणि त्या हसायला लागल्या. थट्टेचं हसू नव्हतं ते, मोठं ओझं उतरलेल्या माणसाचं होतं.

"हवालदारसाहेब, आठ दिवस माझ्या जिवाला घोर लागला होता," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या गावांत लहान घरांचा आकडा साडेपाच-सहा येतोय आणि तुमचा सगळीकडे सात. मला वाटलं, तुम्ही घरी बसून कागद भरलेत. विचारायचं कसं, हाच प्रश्न होता. तुम्ही प्रत्येक घरी खरोखर गेलात, एवढंच नव्हे तर चहाही घेतलात, हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!"

आकाराम मग खाली बसला. मदिनाबीने आता काही न विचारता स्टोव्ह पेटवला.

"म्हंजी आकडा चालंल?"

"चहा वजा करून चालेल. गुणाकार तरीही चुलींनीच करावा लागणार. माणसं जेवढी वाढतील त्याहून जास्त जळण वाढेल, कारण घरं जास्त वाढताहेत. फक्त मी समजत होते तेवढं भयंकर नाही."

आकारामने कपाकडे बघत पुढचा प्रश्न विचारला. तो त्याचा घरचा प्रश्न होता, पण त्याने देशाच्या नावावर विचारला. "मग सरकारनं सांगावं का लोकास्नी, की चुली येगळ्या करू नगा म्हणून?"

"सांगून कोण ऐकेल?" बाई म्हणाल्या. "कारखाना आला, पाळ्या आल्या, मोटारी आल्या. एकाच घरातल्या माणसांना भूक वेगवेगळ्या वेळी लागायला लागली. तुमच्या घरी चूल एक, पण पाच वेळा पेटते. घर आधीच बदललंय, हवालदारसाहेब. चूल मागून येते आहे. वर बसलेल्यांनी आपला गुणाकार सुधारावा, म्हणजे झालं."

परतीच्या गाडीत आकारामने कागद मांडीवर घेतला. पाच किलो सातशे त्रिक सतरा किलो शंभर. घरचं आत्ताचं साडेपंधरा. फरक एक किलो सहाशे. त्याने तो आकडा तीनदा तपासला. एक किलो सहाशे म्हणजे बाभळीचा हातभर ओंडका. एवढ्यासाठी आपण भावांना दरडावलं आणि बायकोला धुरात बसवून ठेवलं, याची त्याला मनापासून लाज वाटली. आणि लाजेच्या पाठोपाठ, का कोण जाणे, छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं. दीडपटीचा मोठा धोंडा त्याने स्वतःच उचलून धरला होता आणि आता तो खाली ठेवता येणार होता.

घरी आल्यावर त्याने तिघी बायकांसकट सगळ्यांना सोप्यात बोलावलं.

"माझा आकडा चुकला व्हता," तो म्हणाला. हे वाक्य त्या घरात याआधी कुणी ऐकलं नव्हतं. "चुली येगळ्या करा. पर मला येक सांगा. बांधाचं काय?"

जोतिबाने चमकून वर बघितलं. "बांधाचं कुणी काढलं, आण्णा? रान एकच. बैलं एकच. मोटर एकच. तुकडं करून आमी खाणार काय?"

"फकस्त भाकरी ज्याच्या त्याच्या येळंला," दादासो म्हणाला. "दुसरं काय बी न्हाई. तुमीच आपलं उगा लांबवर गेलासा."

एवढा साधा प्रश्न आकारामने त्या रविवारीच विचारला असता तर सांगलीपर्यंत रडकुंडीला येऊन जावं लागलं नसतं. पण विचारायची हिंमत नव्हती, हेच खरं.

नव्या दोन चुली चंद्राबाईने स्वतः घातल्या. तांबडी माती भिजवली, भुसा घालून मळली, चुली दोन दिवस उन्हात वाळवल्या, वरून सारवल्या. एक राहीबाईच्या खोलीपुढच्या पडवीत, एक मनुबाईच्या. जुन्या चुलीतला विस्तव खापरात घेऊन तिने तो दोन्हीकडे नेऊन दिला. थोरल्या सुनेने आपल्या हाताने विस्तव दिला म्हणजे वेगळं निघण्यात भांडण नाही, असा तिकडचा रिवाज. आकाराम अंगणात उभा राहून बघत होता. आता काहीतरी तुटल्याचा आवाज येईल, अशी उगाचच त्याला धास्ती. आवाज आला तो राहीबाईच्या पोरांचा. त्यांना आईची भाकरी सोडून मनुकाकूचं पिठलं हवं होतं. मनुबाईची पोरं तोवर चंद्राबाईच्या ताटाशी येऊन बसली होती. आत्याने तर जाहीर केलं की ती सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे आणि संध्याकाळी तिसरीकडे जेवणार, कारण इतकी वर्षं तिला निवड करायची संधीच मिळाली नव्हती.

आठ दिवसांनी आकारामने तिन्ही चुली तोलल्या. अठरा किलो. हिशोबापेक्षा नऊशे ग्रॅम जास्त. कालवणाच्या वाट्या इकडून तिकडे जात होत्या, आणि प्रत्येक घरात शेजारच्या पोरांच्या दोन भाकऱ्या जास्त पडत होत्या. त्याने आकडा जसाच्या तसा लिहिला आणि शेऱ्यात लिहिलं: पोरे कोठेही जेवतात. बाईंना हा शेरा आवडेल अशी त्याची खात्री होती.

त्याच दिवशी बाराच्या सुमाराला चंद्राबाईने हाक मारली. आता तिला फक्त सहाजणांचं करायचं होतं. पोरं शाळेतून यायची होती. आकाराम हात धुऊन पाटावर बसला. तिने त्याचं ताट वाढलं, मग आणखी एक ताट घेतलं, त्यात भाकरी, ठेचा आणि वांग्याचं कालवण वाढलं आणि ते घेऊन त्याच्यासमोर बसली.

आकारामचा घास हातातच राहिला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. त्यातली बहुतेक पलटणीत गेली हे खरं, पण रजा होत्या, आणि आता दोन वर्षं तो घरीच होता. एवढ्या काळात त्याने आपल्या बायकोला जेवताना एकदाही बघितलं नव्हतं. बाप्ये जेवायचे, मग पोरं, मग जोतिबा मोटारीवरून यायचा, आणि त्यानंतर कधीतरी, तो सोप्यात पडलेला असताना, आत बायका जेवत असणार असं त्याने धरून ठेवलं होतं. ती भाकरीचा पापुद्रा आधी सोलून ठेच्याबरोबर खाते, हे त्याला आज कळत होतं.

"काय बघताय?" चंद्राबाई म्हणाली. "खावा की, गरम हाय तवर."

तिने स्वतः एक घास घेतला, चावला आणि थांबली. मग नवल वाटल्यासारखी स्वतःशीच म्हणाली, "गरम भाकरी लय ग्वाड लागती की ओ."

आकारामने मान खाली घातली आणि घाईघाईने घास तोंडात घातला. बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं, आणि तरी डोळे भरून आले. धुराचं निमित्त सांगावं तर चूल विझली होती.